बीटलचं इंजिन: मॅग्नेशियमच्या क्रँककेसच्या नोंदी

३ जून २०२४

रत्नागिरीहून आंबा घाट चढून टेम्पोतून इंजिन आलं. १९६७ची फोक्सवॅगन बीटल, १३०० सीसी, हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना सरच म्हणतो. इंजिन सुटं करूनच आणलंय. क्रँककेसचे, म्हणजे क्रँक आत धरून ठेवणाऱ्या इंजिनाच्या मुख्य खोक्याचे, दोन्ही हाफ गोणपाटात गुंडाळलेले, क्रँक आणि कॅम वेगळ्या खोक्यात, आणि सुट्या भागांसाठी म्हणून कुठूनतरी मिळवलेला एक फुटका केस.

तक्रार अशी की गार असताना इंजिन ठीक चालतं, पण अर्धा तास चाललं की आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो. एका हेड स्टडचे, म्हणजे हेड केसला आवळून धरणाऱ्या पोलादी दांड्याचे, केसमधले आटेही गेलेत.

हाफ टेबलावर ठेवताना आमचा पोरगा थबकला. “मालक, ह्यो लईच हलका हाय की! ॲल्युमिनियमच न्हवं ह्ये?” कोल्हापूरच्या उद्यमनगरात रोज ॲल्युमिनियमची हेडं उचलणारा हात आहे त्याचा, त्यामुळे हातानं फरक बरोबर ओळखला. बीटलचा केस मॅग्नेशियमचा असतो हे मला माहीत होतं, पण या बनावटीचे ॲल्युमिनियमचे केसही बाजारात मिळतात. साठ वर्षं जुन्या गाडीत मधल्या काळात कुणी काय बसवलं असेल, सांगता येत नाही. धातू कुठला हे पक्कं होईपर्यंत कुणीही हत्यार लावायचं नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

४ जून

आज फक्त ओळख पटवायची. बोअरिंगला दुसरी दोन इंजिनं थांबलीत, तरीही.

आधी शिक्के शोधले. नंतरच्या काळातल्या बीटलच्या केसवर ‘एएस ४१’ किंवा ‘एएस २१’ अशी अक्षरं ओतकामातच उमटवलेली असतात. या केसवर इंजिन नंबर आहे, ‘एफ’ अक्षरानं सुरू होणारा, पण धातूचं नाव कुठेच नाही. १९६७चा असेल तर नसणारच.

मग वजन. फुटक्या केसचा एक सुटा तुकडा घेतला, ४१२ ग्रॅम भरला. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला आणि तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, असा हातात धरला. काटा २२८ ग्रॅम दाखवायला लागला, म्हणजे तुकड्याचं आकारमान २२८ घनसेंटिमीटर. भागाकार १.८१. ॲल्युमिनियम असता तर २.७ च्या आसपास आला असता. खात्रीसाठी भंगारातला एक डायनामो ब्रॅकेट तसाच मोजला, ५४० ग्रॅमला २००. बरोबर २.७. शुद्ध मॅग्नेशियमची घनता १.७४ असते, मिश्रधातू त्याहून किंचित जड. गार, अखंड तुकडा मिनिटभर पाण्यात बुडवल्यानं काही होत नाही, पण लगेच पुसून वाळवला.

अख्खा केस असा टांगून मोजता येत नाही, ऑइलच्या गॅलऱ्यांत, म्हणजे आतल्या वाटांत, हवा अडकते. म्हणून सरांच्या केसवर थेंबांची परीक्षा घेतली, आतल्या बाजूला, कुठलाही जोड बसत नाही अशा जागी. नखाएवढी जागा सँडपेपरनं हातानं घासून चकचकीत केली, कारण वरच्या काळपट थरावर थेंब काही बोलत नाही. तिथे साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाकला. तीन-चार सेकंदांत थेंब पांढुरका झाला आणि बारीक बुडबुड्यांनी फसफसला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. ब्रॅकेटवर टाकलेला थेंब तसाच चमकत पडून राहिला.

मग उलटी परीक्षा, हातमोजे आणि गॉगल घालून. दोन्हींवर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एकेक थेंब. आता ब्रॅकेट फसफसला आणि केस गप्प. आम्लात मॅग्नेशियम विरघळतं पण कॉस्टिकमध्ये टिकतं. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये खाल्लं जातं. नुसत्या एका थेंबावर मी भरवसा ठेवला नसता, पण दोन थेंब एकमेकांची साक्ष देतात. लगेच दोन्ही जागा धुऊन पुसल्या आणि केसवर ऑइलचा हात फिरवला.

तुकडा पेटवून बघायची एक पद्धत जुने मिस्त्री सांगतात. वर्कशॉपमध्ये ती कुणी करू नये. दोन थेंबांत उत्तर मिळत असताना आगीशी खेळायचं कारण नाही.

६ जून

मापं घेतली आणि वाईट वाटलं.

बीटलच्या केसमध्ये मेन बेअरिंगच्या पहिल्या तीन बैठकी ६५ मिमीच्या, चौथी ५० मिमीची. मधली, म्हणजे दोन नंबरची बैठक नेहमी आधी जाते, कारण तिथलं बेअरिंग दोन अर्ध्यांचं असतं आणि दोन्ही हाफ तिथेच एकमेकांवर आपटत राहतात. तेवढी झीज धरूनच चाललो होतो. पण इथे तिन्ही बैठकींवर बारीक खड्डे आहेत, मुंग्यांनी पोखरल्यासारखे, आणि बोट फिरवलं की काळी राख हाताला लागते.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “इकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी धुवायला दिला होता. त्यांनी ॲसिडनं छान स्वच्छ करून देतो म्हटलं. आणला तेव्हा अगदी नव्यासारखा दिसत होता हो.” दिसणारच. ॲसिडनं मळाबरोबर धातूही नेला. ते मीठ-ॲसिड फरशीसाठी असतं, मॅग्नेशियमला त्याचा वाससुद्धा लागू नये. धुणाऱ्यानं हा केस ॲल्युमिनियमचा समजूनच हाती घेतला असणार. व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघितला असता, तर सत्तावन्न वर्षांच्या केसच्या बैठकी वाचल्या असत्या.

आता लाइन बोअर करून, म्हणजे बैठकी एका रेषेत थोड्या मोठ्या कापून, बाहेरून ०.५० मिमी जास्त मापाची बेअरिंग घालावी लागणार. खड्डे तेवढ्यात निघतील.

७ जून

रात्री अक्षरांचा हिशोब पोरांना समजावून सांगितला, कारण पुढे दुसऱ्या गाड्यांचे भाग येणारच आहेत. पहिली दोन अक्षरं म्हणजे मिसळलेले मुख्य धातू, पुढचे आकडे म्हणजे त्यांचं साधारण शेकडा प्रमाण. ए म्हणजे ॲल्युमिनियम, झेड जस्त, एस सिलिकॉन, एम मँगनीज, जे स्ट्रॉन्शियम. एझेड ९१ म्हणजे ९ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्का जस्त, बाकी मॅग्नेशियम. हल्लीच्या गाड्यांची कव्हरं आणि ब्रॅकेट बहुधा याचीच. स्टीअरिंगचा सांगाडा एएम ५० किंवा एएम ६०चा सापडतो. युरोपी भागांवर ‘एमजीएएल९झेडएन१’ असं दोन बाणांच्या मध्ये लिहिलेलं असतं, तेही हेच. ‘एमजी’ ही दोन अक्षरं दिसली की हात थांबला पाहिजे.

जुन्या बीटलचे केस एझेड ८१ जातीचे होते. तो धातू गरम असताना दाबाखाली हळूहळू सरकतो. इंजिनं मोठी आणि जास्त तापणारी होत गेली तसं जस्त काढून सिलिकॉन घातलं आणि एएस ४१ आला. एका बीटलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वीस किलोच्या आसपास मॅग्नेशियम असे, आणि १९७१च्या सुमाराला एकटी फोक्सवॅगन वर्षाला ४२ हजार टन वापरत होती. त्यातल्या कितीतरी गाड्या अजून जगभर चालताहेत. म्हणजे हा धातू अडाण्यासारखा हाताळला तर घातक आहे, पण गाडीत बसवायला मुळीच नाही.

१० जून

शॉपची तयारी. यात अख्खा दिवस गेला.

अखंड केस सहजी पेटत नाही. उष्णता सगळ्या अंगात पसरते, आणि जवळजवळ वितळायला टेकेपर्यंत, म्हणजे पाच-सहाशे अंशांच्या घरात जाईपर्यंत, तो धरत नाही. भीती आहे ती कीसाची. जितका बारीक तितका वाईट. ग्राइंडरखालची भुकटी एका ठिणगीला पेटते.

लाइन बोअरिंगच्या मशिनमधलं दुधी कूलंट काढलं, ट्रे पुसून कोरडा केला. पाणी आणि मॅग्नेशियमचा ताजा कीस एकत्र आले की हायड्रोजन सुटतो. कापताना लागलंच तर बिनपाण्याचं कटिंग ऑइल. हवेची गन टांगणीवरून काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. आमच्याकडे दर दोन मिनिटांनी हवा मारायची सवय आहे, पण मॅग्नेशियमची भुकटी हवेत उडाली तर तिचा स्फोटच होऊ शकतो. घरगुती व्हॅक्युमही नको. मऊ ब्रश आणि पत्र्याचं सुपडं.

भिंतीवरचा लाल सिलिंडर एबीसी पावडरचा आहे, तो या आगीला चालत नाही. कार्बन डायऑक्साइडचाही नाही, कारण पेटलेलं मॅग्नेशियम त्या वायूतला ऑक्सिजन ओढून घेऊन जळतच राहतं, मागे काजळी उरते. धातूच्या आगीसाठी डी वर्गाचा वेगळा सिलिंडर असतो. मागवलाय, यायला आठवडा लागेल. मग दाराजवळच्या वाळूच्या बादल्या बघितल्या. मूठ वळली आणि वाळूचा लाडू झाला. पावसाळी हवेनं ओल धरलेली. अशी वाळू टाकणं म्हणजे पाणीच टाकणं.

काका, म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने मिस्त्री, म्हणाले, “बीडाचा कीस घ्या की. आपल्या कोल्हापुरात त्याला काय तोटा?” अगदी बरोबर. ब्रेक ड्रम फिरवून निघालेला ताजा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कीस पत्र्यावर पसरून हीटरनं कोरडा केला आणि झाकणाच्या दोन डब्यांत भरला, सोबत लांब दांड्याचं फावडं. कीस गंजलेला, तेलकट किंवा ओला चालत नाही. गंज आणि पेटलेलं मॅग्नेशियम भेटले तर आग उलट भडकते.

११ जून

आजच्याच तारखेला १९५५ साली ले मान्सच्या शर्यतीत मर्सिडीज ३०० एसएलआर प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या गाडीचा पत्रा इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियम मिश्रधातूचा होता. लोक गेले ते मुख्यतः उडालेल्या भागांनी, पण मागे गाडी पेटली आणि विझवायला आलेल्यांनी पाणी मारलं तशी ज्वाळा वाढत गेली. सकाळी चहाला हे सगळ्यांना सांगितलं. पोरं एरवी माझ्या सूचना ऐकून सोडून देतात, आज शांत बसून ऐकलं.

१२ जून

दुपारी साडेतीनला आग लागली. छोटीच, कुणाला इजा नाही. पण जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी एका पोरानं फुटक्या केसच्या तुकड्याची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कुसळं, टेबल ग्राइंडरवर काढली. हाताला टोचत होती म्हणून, दोन मिनिटांचं काम. कुणाला सांगितलं नाही, आणि ग्राइंडर बंद करून ठेवायला हवा हे १० तारखेच्या तयारीत माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. चूक माझी. दुपारी दुसऱ्या पोरानं त्याच ग्राइंडरवर ड्रिलला धार लावली. पोलादाच्या ठिणग्या व्हीलखालच्या ट्रेमध्ये पडल्या, जिथे सकाळची मॅग्नेशियमची भुकटी लोखंडाच्या भुकटीत मिसळून पडली होती.

आवाज असा नाही. फस्स झालं आणि सगळी भिंत पांढरी दिसली. वेल्डिंगचा असतो तसा प्रकाश, पण हलत नव्हता. धूर दाट, पांढरा. एक पोरगा बादलीकडे धावला, काकांनी त्याची कॉलरच धरली. मी मेन स्विच पाडला. काकांनी फावड्यानं बीडाचा कीस आणला आणि लांबून, अलगद, कडेकडेनं ट्रेवर सोडला. वरून फेकला असता तर जळती भुकटी उडाली असती. तीन फावड्यांत प्रकाश लाल झाला, मग दिसेनासा झाला. त्यावर आणखी दोन फावडी टाकली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. थेट बघू नका म्हणून मी ओरडत होतो, तरी डोळ्यांसमोर हिरवे ठिपके माझ्याही आले.

काका बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. तरुणपणी ते शिरोलीला फाउंड्रीत होते, एसजी आयर्नच्या ओतकामावर. “हा उजेड माझ्या ओळखीचा,” म्हणाले. तिथे बीडाच्या रसात मॅग्नेशियम सोडतात, त्यानं आतलं ग्राफाइट गोळ्या-गोळ्यांचं होतं आणि बीड ठिसूळ राहत नाही. लॅडलमधून असाच पांढरा झोत निघतो. चाळीस वर्षांनी तो उजेड आमच्या ग्राइंडरखाली दिसला.

१३ जून

रात्रभर ट्रेला हात लावला नव्हता. सकाळी कीस बाजूला केला तेव्हा खाली खडूसारखी पांढरी पूड, बुडाशी ट्रेचा पत्रा निळा-तपकिरी झालेला. जळाला तो सगळा मिळून चहाच्या दोन चमच्यांएवढा ऐवज असेल.

ग्राइंडरवर लाल रंगानं लिहिलं: फक्त लोखंड. मॅग्नेशियमची बर यापुढे हातकानशीनं, कागद पसरून, दाराबाहेर काढायची. कानसही वेगळी, तिला पिवळी पट्टी.

१८ जून

लाइन बोअर झाला. सकाळी दोन्ही हाफ जोडून १२ मिमीच्या सहा स्टडना साडेतीन किलोचा टॉर्क दिला, मग बार बसवला. डी वर्गाचा सिलिंडर काल आला, तो मशिनच्या बाजूला ठेवला.

हा धातू कापायला इतका मऊसूत आहे की मन मोहून जातं. मशिनवर लोड असा येतच नाही. पण मोहात पडून बारीक-बारीक फीड घ्यायचा नाही. पातळ, केसासारखा कीस तापतो आणि पेटतो. टूल नवीन, धार ताजी, फीड भरघोस, आणि कट संपला की टूल लगेच बाहेर. जागीच घासत ठेवायचं नाही. कीस आखूड, तुटक, चांदीच्या टिकल्यांसारखा पडत होता. प्रत्येक बैठकीनंतर मशिन थांबवून ब्रशनं सगळा गोळा केला.

६५.५० वर आलो. खड्डे गेले. दोन नंबरच्या बैठकीत एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढा डाग उरलाय, ऑइलच्या भोकापासून लांब. तो राहू दिला. पुढच्या मापावर जायचं म्हणजे केसचं आयुष्य कमी करणं.

पोरानं विचारलं, ऑइलचा दिवा गरम झाल्यावरच का लागायचा? त्याला हिशोब करून दाखवला. ६५ मिमीची बैठक ८० अंशांनी तापली की मॅग्नेशियमची ०.१३ मिमी वाढते, पोलादाची त्याच्या निम्म्याहून कमी, ०.०६. आधीच झिजलेली बैठक तापल्यावर आणखी सैल पडते आणि ऑइल बेअरिंगच्या पाठीमागून निसटतं.

१९ जून

हेड स्टडचे आटे. तापल्यावर ॲल्युमिनियमचं हेड पोलादाच्या स्टडपेक्षा जास्त वाढतं, स्टड ताणला जातो आणि तो ताण शेवटी मॅग्नेशियमच्या मऊ आट्यांवर येतो. गेला होता एकच, पण सोळाही ठिकाणी पोलादी बुश घातले, बाहेरून १४ मिमी, आतून १० मिमी आट्यांचे. भोकं पाडताना वरचेवर ड्रिल बाहेर काढून कीस मोकळा केला, टॅप हातानं फिरवला.

सगळा कीस मिळून पाव डबा भरला. पत्र्याचा डबा, कोरडा, झाकण नुसतं टेकवलेलं. घट्ट लावायचं नाही, आत चुकून ओल राहिली तर हायड्रोजन साठतो. डबा मागच्या शेडमध्ये, छपराच्या गळतीपासून लांब, फळीवर.

२४ जून

मध्येच दुसरं काम. एक तरुण फुटलेलं व्हॉल्व्ह कव्हर वेल्डिंगसाठी घेऊन आला, बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनाचं. दोन ठिकाणी जाऊन आला होता, दोघांनीही ॲल्युमिनियम समजून हो म्हटलं होतं. मी त्याच्यासमोर व्हिनेगरचा थेंब टाकला. फसफसला. वेल्डिंग होतं, पण आर्गॉनमध्ये, मॅग्नेशियमच्याच रॉडनं आणि ज्यानं आधी केलंय त्याच्याच हातानं. नवीन कव्हर घे, असं त्याला सांगितलं.

त्या इंजिनाचा ब्लॉकही बघण्यासारखा आहे. आत ॲल्युमिनियमचा गाभा, त्यातच सिलिंडर आणि पाण्याच्या वाटा, आणि बाहेरून एजे ६२ मॅग्नेशियमचं ओतकाम. म्हणजे कूलंट मॅग्नेशियमला शिवतच नाही. बोल्टही ॲल्युमिनियमचे, कारण पोलादी बोल्ट आणि मॅग्नेशियम यांच्यात ओल गेली की मॅग्नेशियम झिजायला लागतं. ते बोल्ट एकदाच वापरायचे, उघडले की फेकायचे. जुने परत लावले किंवा पोलादी घातले तर पैसे वाचल्यासारखं वाटतं आणि ब्लॉक जातो.

२ जुलै

जोडणी. केस डिझेलनं, मग साबणाच्या कोमट पाण्यानं धुतला, लगेच गरम हवेत कडक वाळवला. ऑइलच्या गॅलऱ्यांचे ॲल्युमिनियमचे प्लग काढून आतून ब्रश फिरवला, कारण ॲसिडचा अंश तिथेच लपतो. कॉस्टिकच्या टाकीत टाकला असता तर केस टिकला असता, प्लग गेले असते.

बाहेरून इपॉक्सी प्रायमर. रत्नागिरीची खारी हवा आहे. जिथे पोलादी बोल्टाचं डोकं थेट केसवर बसतं तिथे ॲल्युमिनियमचे वॉशर घातले. ऑइल जाळीच्या झाकणाचे नट मी स्वतः आवळले, ०.७ किलोच्या टॉर्कवर. तिथे जोर लावून आटे घालवलेले केस मी कितीतरी पाहिलेत.

८ जुलै

स्टँडवर इंजिन दीड तास चालवलं. पूर्ण गरम असताना अडीच हजार आरपीएमला ऑइलचा दाब ३५ पीएसआय, आयडलिंगला दिवा बंद. सर शेजारी खुर्ची टाकून बसले होते, दीड तासात एकदाही उठले नाहीत.

भंगारवाला फुटका केस ॲल्युमिनियमच्या भावानं न्यायला तयार होता. त्याला सांगितलं की हा ॲल्युमिनियमच्या भट्टीत गेला तर भट्टीवरच्या माणसासमोर भडकेल. वेगळ्या पोत्यात घातला, पोत्यावर ‘मॅग्नेशियम’ लिहिलं, आणि तसाच पुढे देईन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. कीसाचा डबा दिला नाही. ज्याला त्याची माहिती आहे असा घेणारा मिळेपर्यंत तो फळीवरच राहील.

निघताना सरांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश मागितला. इंजिनाच्या पंख्याच्या पत्र्यावर, पुढच्या मिस्त्रीला झाकण उघडताच दिसेल असं, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: ‘क्रँककेस मॅग्नेशियमचा आहे. ॲसिड लावू नये. पेटल्यास पाणी मारू नये. मेन बेअरिंग ०.५०.’ रंग वाळेपर्यंत टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलं.